हिस्ट्री नावाचं फोल्डर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या हॉस्टेलवर एक टीबीची हार्ड डिस्क खोल्याखोल्यांतून फिरायची. जिओ नुकतं आलं होतं, पण रात्री अकरानंतर सगळं हॉस्टेल एकाच टॉवरवर लटकलेलं असायचं, त्यामुळे त्या डिस्कला अजून किंमत होती. तिच्यात सिनिअर्सच्या नोट्स होत्या, मागच्या पाच वर्षांचे पेपर होते, क्रॅक केलेलं मॅटलॅब होतं आणि 'हिस्ट्री' नावाचं एक फोल्डर होतं. आमच्या ब्रँचला इतिहास हा विषय नव्हता. तो कुठल्याच ब्रँचला नसतो.

फोल्डरमध्ये 'ट्रॉय' होता, '३००' होता, 'स्पार्टाकस' मालिकेचे सगळे सीझन होते आणि १९७९ चा 'कॅलिग्युला' होता. सोबत नोटपॅडची एक छोटी फाइल. तिच्यात फक्त आकडे: कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत. कुणा परोपकारी सिनिअरने ती पुढच्या पिढ्यांसाठी करून ठेवली होती.

एकदा रेक्टर सरांनी रात्री राउंड मारला. आमच्या खोलीत आले, लॅपटॉप उघडायला लावला, फोल्डर उघडलं आणि पहिली फाइल लावली. पडद्यावर खांब, मशाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं.

"हे काय आहे रे?"

"सर, रोमन साम्राज्य."

सर दहा सेकंद बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. अभ्यास पण करत जा." आणि गेले.

त्या रात्री आम्ही पोट धरून हसलो. आता आठ-नऊ वर्षांनी, पुण्यात एका कंपनीत कोड लिहिता लिहिता मला वाटतं, की आम्ही रेक्टर सरांना जे सांगितलं तेच त्या सिनेमाच्या निर्मात्याने अख्ख्या जगाला सांगितलं होतं. आमचं फोल्डर ही चेष्टा होती. त्याचा तो धंदा होता.

हा लेख त्या धंद्याबद्दल आहे. प्रौढांच्या सिनेमात जेव्हा प्रचंड पैसा ओतून ऐतिहासिक पोशाखी चित्रपट काढला जातो, तेव्हा तो पैसा नेमका कशावर खर्च होतो, आणि इतिहास तिथे काय कामाला ठेवलेला असतो, याबद्दल. माझी तक्रार अश्लीलतेची नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना तसली तक्रार वाचायची आहे त्यांच्यासाठी इंटरनेटवर भरपूर सोय आहे. माझी तक्रार खोटेपणाची आहे.

बिल किती झालं?

'कॅलिग्युला'चा निर्माता बॉब गुच्चिओनी. हा 'पेंटहाउस' या अमेरिकन पुरुषी मासिकाचा मालक. मासिकातून आलेला पैसा त्याने सिनेमात घातला. सुमारे १ कोटी ७५ लाख डॉलर. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, १९७७ चा 'स्टार वॉर्स' साधारण १ कोटी १० लाख डॉलरमध्ये झाला होता. म्हणजे अख्खी आकाशगंगा उभी करायला जेवढे लागले त्याच्या दीडपट पैसे रोमन राजवाड्यावर गेले.

माणसंही फुटकळ नव्हती. पटकथा गोर व्हिडालची, म्हणजे त्या काळातल्या मोठ्या अमेरिकन लेखकांपैकी एकाची. दिग्दर्शक टिंटो ब्रास. भूमिकांत माल्कम मॅकडॉवेल, हेलन मिरन, पीटर ओटूल, जॉन गिलगुड. सेट आणि कपडे डानिलो डोनाटीचे. हा माणूस फेलिनीबरोबर काम करणारा, वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला. त्याने रोमच्या स्टुडिओत जे उभं केलं ते आजही बघताना तोंडात बोट जातं: अख्खं जहाज, आणि एक भिंतीएवढं लालभडक यंत्र, जे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या माणसांची मुंडकी उडवत पुढे सरकतं.

आता हा सिनेमा पुन्हा बघा. बघताना माणसांचे चेहरे किती वेळा नीट दिसतात ते मोजा. सेट इतका अवाढव्य, की कॅमेऱ्याला मागे मागे जावं लागतं. पुढे सम्राट बोलतोय, आणि मागे तीन मजले माणसं. कुणी नाचतंय, कुणी लोळतंय, कुणी नुसतं उभं आहे. ती माणसं गोष्टीत नाहीत. ती वॉलपेपर आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये मागे जशी फुलांची भिंत असते तशी ही देहांची भिंत.

या शैलीचे नियम नंतर ठरूनच गेले. आधी लांबून एक शॉट, ज्यात खर्च दिसला पाहिजे. मग मेणबत्त्या, द्राक्षं, सोन्याचे पेले. कुणीतरी सिंहासनावर कंटाळून बसलेलं. मग टाळी वाजते आणि 'ते' सुरू होतं. 'कॅलिग्युला'नंतर इटलीत त्याच्या स्वस्त नकलांची रांग लागली. जो डामातोने १९८२ मध्ये वेगळ्या नावाने आणखी एक कॅलिग्युला काढला. २००० साली 'ग्लॅडिएटर' गाजला, की २००२ मध्ये 'प्रायव्हेट' या कंपनीने आपला ग्लॅडिएटर आणला. २००५ मध्ये अमेरिकेत 'पायरेट्स' आला, दहा लाख डॉलरच्या वर खर्च केल्याच्या जाहिरातीसह. कॉम्प्युटरवर केलेली जहाजं, तोफा, सांगाड्यांची फौज. प्रत्येक वेळी जाहिरातीचा मजकूर एकच: एवढा खर्च आजवर कुणी केला नव्हता.

सिनेमाची जाहिरात जेव्हा बिल दाखवून होते, तेव्हा समजावं की दाखवायला दुसरं काही नाही.

दोन व्हेंडर, एक प्रॉडक्ट

आमच्या धंद्यात एक ओळखीचं दुःख आहे. तुम्ही एक मॉड्यूल लिहिता. दुसरं मॉड्यूल दुसरी कंपनी लिहिते. दोघांची कधी भेट नाही. शेवटी कुणीतरी मॅनेजर दोन्ही चिकटवतो आणि क्लायंटला सांगतो, हे एकसंध प्रॉडक्ट आहे. चालवून बघितलं की दोन मिनिटांत कळतं, सांधा कुठे आहे.

'कॅलिग्युला' अक्षरशः असा बनला. व्हिडालचं ब्रासशी फाटलं आणि त्याने आपलं नाव मागे घेतलं. श्रेयनामावलीत त्याच्या पटकथेवर 'आधारित' एवढंच राहिलं. ब्रासने शूटिंग पूर्ण केलं, पण एडिटिंग चालू असताना गुच्चिओनीने त्याला बाहेर काढलं. त्यामुळे ब्रासच्या नावापुढे 'दिग्दर्शक' नाही, 'मुख्य चित्रीकरण' असं येतं. आणि मुख्य शूटिंग आटोपल्यावर गुच्चिओनी एक छोटी टीम घेऊन त्याच सेटवर परत गेला, 'पेंटहाउस'च्या मॉडेल्सना घेऊन खरीखुरी संभोगदृश्यं शूट केली आणि ती मधे मधे टाचली. मॅकडॉवेलने पुढे अनेकदा सांगितलंय, की हा त्याला विश्वासघात वाटला. तो ज्या सिनेमात काम करत होता तो वेगळाच होता.

म्हणजे मेन ब्रँचवर रात्री येऊन कुणीतरी न विचारता कोड मर्ज केला, आणि रिलीज नोटमध्ये मात्र तुमचंच नाव.

हे टाके बघणाऱ्याला दिसतात. प्रकाश बदलतो, चेहरे बदलतात, आधीच्या शॉटमधली माणसं पुढच्या शॉटमध्ये नसतात. आमच्या सिनिअरची नोटपॅडची फाइल त्याच टाक्यांचा नकाशा होती. ज्या सिनेमातून नेमके आकडे देऊन तुकडे काढता येतात, त्या सिनेमात ते तुकडे मुळात विणलेलेच नसतात.

यावर कुणी म्हणेल, की तो एका निर्मात्याचा आगाऊपणा होता. मग 'पायरेट्स' घ्या. तिथे भांडण नव्हतं, लेखक पळून गेला नाही, सगळं ठरवून झालं. आणि तरीही कंपनीने त्यातली उघड दृश्यं कापून एक सौम्य आवृत्ती काढली आणि नेहमीच्या सिनेमांच्या बाजारात विकायला ठेवली. प्रौढांच्या सिनेमातून प्रौढ भाग काढला आणि उरलेलं जहाज विकायला काढलं! यापेक्षा स्वच्छ कबुलीजबाब कोर्टातही मिळत नाही. जहाजाचा शरीराशी संबंध नव्हता, शरीराचा जहाजाशी नव्हता. एकाच डब्यात दोन भाज्या होत्या, एवढंच.

उलट बाजूनेही हेच सिद्ध झालंय. २०२३ मध्ये कान महोत्सवात 'कॅलिग्युला'ची नवी आवृत्ती दाखवली गेली. थॉमस नेगोवानने जुन्या ९६ तासांच्या फूटेजमधून ती नव्याने जुळवली, आणि तिच्यात १९७९ च्या सिनेमातली एकही फ्रेम वापरली नाही. त्याच शूटिंगमधून, पहिल्याचा एक तुकडाही न घेता, दुसरा अख्खा सिनेमा निघाला. टिंटो ब्रासने मात्र याही आवृत्तीशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. दोन आवृत्त्या झाल्या आणि दिग्दर्शकाने दोन्ही नाकारल्या. पैसे मात्र सगळ्यांचे खर्च झाले.

परवाना

मग एवढा खर्च कशाला? शरीरंच विकायची होती तर ती एका खोलीत, एका पलंगावर, शंभरपट कमी पैशात विकता आली असती. गुच्चिओनीचं मासिक तेच तर करत होतं.

उत्तराचा एक भाग कायद्यात आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया' खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरवली. तिचा एक निकष असा, की एखाद्या कृतीत गंभीर असं साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य असेल तर तिला अश्लील ठरवता येत नाही. चार दरवाजे. त्यातला एक जरी उघडला तरी सुटका.

'कॅलिग्युला'वर बॉस्टनमध्ये खटला झाला. न्यायालयाने काय म्हणावं? कलात्मक मूल्य नाही. वैज्ञानिक मूल्य नाही. सिनेमा वासना चाळवणारा आहे, हेही मान्य. पण प्राचीन रोममधला भ्रष्टाचार दाखवताना तो 'अनिर्बंध सत्ता माणसाला भ्रष्ट करते' हा राजकीय विषय मांडतो, म्हणून तो अश्लील नाही. सुटला.

मला या निकालाबद्दल राग नाही. सिनेमावर बंदी नको, याच मताचा मी आहे. पण निकालाचा अर्थ बघा. डोनाटीचे खांब, जहाज, टोगे यांना कोर्टाने कलेचे गुण दिले नाहीत, पण एक काम मात्र त्यांनी चोख केलं: त्यांच्यामुळे सिनेमा 'रोमबद्दल' ठरला. खांब होते म्हणून राजकारण दिसलं. तेच सगळं साध्या पलंगावर घडलं असतं तर कुठल्या न्यायाधीशाला त्यात सत्तेचं भाष्य दिसलं असतं?

आमच्या रेक्टर सरांनाही खांबच दिसले होते.

आपल्याकडचा कायदाही फार लांब नाही. भारतीय दंड विधानाच्या कलम २९२ मध्ये विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेल्या गोष्टींना सूट होती, प्राचीन देवळांवरच्या शिल्पांनाही होती. नव्या न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही ती आहे. ही सूट हवीच, नाहीतर खजुराहोवर पडदे लावावे लागतील. पण सूट असली की सुटीचा गणवेशही शिवला जातो. जुन्या काळाचे कपडे हा जगातला सगळ्यात जास्त चालणारा गणवेश आहे.

फुकट मिळाला असता असा सीन

बरं, गणवेश का असेना, आतला माणूस तरी खरा आहे का?

कॅलिग्युला इ.स. ३७ मध्ये सम्राट झाला आणि ४१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, मारला गेला. म्हणजे माझ्या वयाचा. त्याच्याबद्दलच्या बहुतेक चविष्ट गोष्टी, राजवाड्यात वेश्यागृह उघडलं, घोड्याला कॉन्सल करायचं ठरवलं वगैरे, येतात सुएटोनियसकडून. सुएटोनियस जन्मला तेव्हा कॅलिग्युला मरून पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि त्याने हे लिहिलं त्याच्याही पन्नासेक वर्षांनंतर. घोड्याची गोष्ट तर तो स्वतःच 'असं म्हणतात' या सुरात सांगतो. टॅसिटसने या काळावर लिहिलेला भाग हरवला. म्हणजे १ कोटी ७५ लाख डॉलर प्रामुख्याने पाऊणशे वर्षं जुन्या गप्पांवर लागले.

आणि तरीही एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उपलब्ध होता. फायलो, अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ. इ.स. ३८ मध्ये त्या शहरात ज्यूंवर भयंकर हल्ले झाले. घरं लुटली, माणसं मारली. त्यानंतर न्याय मागायला एक शिष्टमंडळ रोमला गेलं. त्याचा प्रमुख फायलो. सम्राटाने त्यांना एका बागेत भेट दिली, आणि त्या भेटीचा वृत्तांत फायलोने स्वतः लिहून ठेवला आहे.

भेट कशी झाली? सम्राट बागेतले महाल तपासत फिरत होता. या दालनातून त्या दालनात, वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर. मागे हे म्हातारे धावतायत, आपल्या मेलेल्या माणसांबद्दल बोलायचा प्रयत्न करतायत. तो मधेच वळून विचारतो, तुम्ही लोक डुकराचं मांस का खात नाही? आजूबाजूचे खुशमस्करे खो खो हसतात. हे उत्तर देऊ लागतात तोवर तो पुढच्या खोलीत, खिडक्यांना काय बसवायचं याचे हुकूम सोडतोय.

ही अनिर्बंध सत्ता. बॉस्टनच्या न्यायाधीशाला जो विषय त्या सिनेमात सापडला म्हणे, तो प्रत्यक्षात इथे आहे. न्याय मागणारा माणूस हातात कागद घेऊन पळतोय आणि सत्ताधारी खिडक्या बघतोय. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागणार नाही. त्याला जहाज लागत नाही, लाल यंत्र लागत नाही. दोन रिकाम्या खोल्या, एक जिना आणि चार चांगले नट पुरेत. नट तर होतेच, गिलगुड आणि ओटूलच्या तोडीचे!

सिनेमात हा प्रसंग नाही. कारण त्यात कुणी कपडे काढत नाही, आणि त्याचं बिलही जाहिरातीत छापण्याएवढं होत नाही.

मागे उभे असलेले

आता त्या देहांच्या भिंतीकडे येतो. माझ्या रागाचं खरं कारण तिथे आहे.

खऱ्या रोममध्ये त्या राजवाड्यात मागे उभी असलेली माणसं कोण असती? गुलाम. रोममधला सगळा उपभोग गुलामगिरीवर उभा होता. मालकाला नाही म्हणण्याचा अधिकार त्या बाईला नव्हता, त्या पोराला नव्हता, कायद्याने नव्हता. रोमबद्दलच्या कामुक सिनेमाला एक तरी ऐतिहासिक प्रश्न विचारायचा असेल तर तो हाच आहे: या खोलीत कोण नाही म्हणू शकतं? हा प्रश्न विचारला की सेटवरच्या प्रत्येक चेहऱ्याला गोष्ट मिळते. न विचारला तर कॅमेरा रोमन मालकाच्याच डोळ्याने बघू लागतो. त्यालाही ती माणसं फर्निचरच वाटायची.

आणि ही गोष्ट फक्त पडद्यावर राहत नाही. ड्रुसिलाची, म्हणजे सम्राटाच्या बहिणीची भूमिका आधी मारिया श्नायडर करणार होती. तीच, जी १९७२ च्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'मध्ये होती. जिथे एका दृश्यातला महत्त्वाचा तपशील तिला मुद्दाम आधी नीट सांगितला नव्हता, हे दिग्दर्शक बर्तोलुचीने नंतर स्वतः कबूल केलं. 'कॅलिग्युला'त नग्न दृश्यं करायला तिने नकार दिला आणि ती बाहेर पडली. तिच्या जागी टेरेसा ॲन सेव्हॉय आली. बस, सिनेमा पुढे गेला. मुख्य नटांना न सांगता नवी दृश्यं चिकटवणं आणि नाही म्हणणारीला बदलून टाकणं, दोन्ही एकाच कारखान्यात झालं. सम्राटाच्या मनमानीवर सिनेमा काढणाऱ्यांचा कारभार असा होता.

सेटवर अशा दृश्यांसाठी कलाकारांच्या संमतीची काळजी घेणारी स्वतंत्र व्यक्ती असावी, हे एचबीओसारख्या वाहिनीने नियमित करायला २०१८ उजाडावं लागलं. मधल्या चाळीसेक वर्षांत किती मेणबत्त्या जळल्या त्याचा हिशोब नाही.

"पॉर्नमध्ये कसला इतिहास शोधतोस?"

हा लेख लिहितोय म्हटल्यावर माझा रूममेट हेच म्हणाला. "भावा, लोक तसला सिनेमा कशाला बघतात ते तुला माहितीये. त्यात तू फायलो काय शोधतोस?"

त्याचं म्हणणं वरवर बरोबर आहे. पण इतिहासाचा दावा मी केलेला नाही, त्यांनी केला. पोस्टरवर, मुलाखतींत, कोर्टात. ज्याने 'खास हापूस' म्हणून पेटी विकली त्याला आंब्याबद्दल विचारायचं नाही तर कशाबद्दल?

दुसरं, शरीर आणि इतिहास एकत्र आणताच येत नाहीत असं नाही. 'कॅलिग्युला'चं शूटिंग १९७६ मध्ये झालं. त्याच वर्षी जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाचा 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस' आला. तोही जुन्या काळातला, तोही पोशाखी, त्यातलाही संभोग खरा. १९३६ च्या टोकिओतली, आबे सादाची सत्यकथा. जपानचा कायदा आडवा येईल म्हणून न धुतलेली फिल्म फ्रान्सला पाठवावी लागली. पुढे सिनेमाच्या पुस्तकावरून ओशिमावर जपानमध्ये खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

त्या सिनेमात जवळजवळ सगळं छोट्या खोल्यांत घडतं. भव्य काही नाही. पण एका दृश्यात नायक रस्त्याने चाललाय आणि समोरून सैनिकांची पलटण येतेय. लोक झेंडे हलवतायत. हा त्यांच्या उलट दिशेने, भिंतीला लागून, मान खाली घालून जातो. एवढंच. अख्खा देश युद्धाकडे निघालाय आणि दोन माणसं एका खोलीत स्वतःला संपवतायत. ही खोली त्या रस्त्याचं उत्तर आहे, हे त्या एका शॉटमध्ये कळतं. यातली शरीरं कापून 'सौम्य आवृत्ती' काढता येणार नाही. काढली तर काहीच उरत नाही. हीच माझी कसोटी आहे.

ओशिमाच्या सिनेमालाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. नायिका एको मात्सुदाला आपल्याच देशात जी निंदा सोसावी लागली ती नायकाला लागली नाही. त्याला पुढेही कामं मिळत राहिली. तिथेही बिल बाईनेच भरलं. पण निदान पडद्यावर तिला चेहरा होता, हट्ट होता, भूक होती.

आपल्यालाही हे परकं नाही. महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती', सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली. राजाच्या नावावर असूनही तिच्यात राजवाडा जवळजवळ नाही. शेत आहे, गोदाकाठ आहे, गावचा पाटील आहे, वाटसरू आहे, नवरा गावाला गेलेली बाई आहे. दोन ओळींत नजर, लाज, बेत आणि धोका. शृंगाराला खर्च लागत नाही, कोण कुणाकडे का बघतंय हे ठाऊक असावं लागतं, हे आपल्या भाषेच्या आजीला दोनेक हजार वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि आपल्या फोल्डरमध्ये काय आहे?

आता थोडं घरचं. आपले भव्य ऐतिहासिक सिनेमे प्रौढांचे नसतात. कुटुंबासह बघायचे असतात. त्यांची तुलना 'कॅलिग्युला'शी केली तर काहींना राग येईल. येऊ दे. विषय सारखा नाही, पण कारखाना ओळखीचा आहे.

तोच लांबून घेतलेला शॉट, फक्त आता ड्रोनने. तोच जाहिरातीत छापलेला खर्च. तीच मागे उभी केलेली माणसांची भिंत: मावळे, ज्यांना नाव नाही, गाव नाही, घरी पेरणी राहिलीय की नाही ते माहीत नाही. फरक एवढाच, की तिकडे टाळी वाजली की कपडे उतरतात आणि इकडे रक्त उडतं. स्लो मोशनमध्ये, जवळून, मोठ्या आवाजात. आणि तिकडे कोर्टाने जसा राजकीय मूल्याचा परवाना दिला तसा इकडे आपण भक्तीचा देतो. हिंसा बघण्यात मजा आली, असं कबूल करायला लागू नये म्हणून डोळ्यांतून पाणी काढून दाखवतो.

२०२५ च्या सुरुवातीला 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून वाद झाला आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग वगळला. त्याच सिनेमाच्या शेवटी महाराजांच्या देहाचे जे हाल आहेत, ते कितीतरी वेळ पडद्यावर राहिले. एका राजाने आपल्या माणसांबरोबर आनंदाने दोन पावलं टाकली हे आपल्याला सोसलं नाही, पण त्याचा छळ पॉपकॉर्न मांडीवर ठेवून बघणं सोसलं. त्यात अनादर कशात आहे, हे मला खरंच कुणीतरी समजावून सांगा.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. गावोगाव, वाड्यावाड्यांतून अस्सल कागद गोळा करायचे हे त्यांचं आयुष्यभराचं काम, कारण घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या बखरींवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणजे सुएटोनियस नको, फायलो आणा, असं म्हणणारा माणूस आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या कागदांत भांडणं आहेत, कर्जं आहेत, उशिरा पोचलेली रसद आहे, घरची खुशाली विचारणारी माणसं आहेत. त्यावर सिनेमा काढायला पैसा कमी लागेल. म्हणूनच बहुधा कुणी काढत नाही.

मी सिनेमावाल्यांना सल्ला देणारा कोण? आपण सगळे हे फोनवर बघणारे. पण बघणाऱ्याच्या हातातही एक गोष्ट असते. पुढच्या वेळी कुठलाही पोशाखी सिनेमा लावलात, हॉलिवूडचा असो, आपला असो, रात्री दार लावून बघायचा असो की आईबाबांबरोबर, मधे एकदा पॉज करा. राजाकडे बघू नका. फ्रेमच्या कडेला, मागे, मशाल धरून उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट ठेवा आणि विचारा: हा कोण आहे? याला काही हवंय का? हा इथून जाऊ शकतो का?

सिनेमाकडे उत्तर असेल तर तो इतिहास आहे, मग त्यात कपडे असोत की नसोत.

उत्तर नसेल तर ते आमचं फोल्डर आहे. त्याला नाव तुम्ही काहीही द्या.